फ्रँकफर्टला कामासाठी गेलात आणि थोडा वेळ हाताशी आहे: तिथेच फिरावं, हायडेलबर्ग गाठावं की माइन्त्स?

पुण्या-मुंबईहून फ्रँकफर्टला प्रदर्शनासाठी किंवा मीटिंगसाठी जाणाऱ्यांना फिरायला वेळ मिळतो तो एक तर काम संपल्यावर संध्याकाळी, नाहीतर परतीच्या विमानाआधी. यातला कुठला वेळ तुमच्या हातात आहे, त्यावर ठिकाण ठरवा.

संध्याकाळच असेल तर फ्रँकफर्ट सोडू नका. मुख्य स्टेशनपासून र्‍योमरबर्ग चौक रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासाच्या आत येतो. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात हा सगळा भाग बेचिराख झाला होता. आज दिसणारी लाकडी चौकटींची घरं नंतर उभारलेली, शेजारची गल्ली तर थेट २०१८ मध्ये खुली झाली. गुरुवार असेल तर श्टेडेल संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं. व्हर्मेरचं 'भूगोलतज्ज्ञ' हे चित्र तिथलंच. जेवायला माइन नदीपलीकडच्या झाक्सेनहाउझेन भागात जा. मांसाहार नको असेल, पण अंडं चालत असेल, तर सात पाल्यांचा हिरवा सॉस, उकडलेली अंडी आणि बटाटे मागवा.

हायडेलबर्ग सगळेच सुचवतात, आणि ते सुंदर आहेच. लाल दगडाचा पडका किल्ला, त्यात दोन लाख लिटरहून मोठं १७५१ चं लाकडी पिंप, खाली नेकार नदीवरचा जुना पूल. पण रेल्वेने जायला तासभर, स्टेशनपासून जुन्या गावात जायला पुन्हा बस, मग किल्ल्याची केबल रेल्वे. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात, हा भरवसा आता धरू नका. अख्खा दिवस मोकळा असेल तरच जा. त्याच रात्री विमान असेल तर जीव टांगणीला लागतो.

विमानाआधी चार-पाच तास असतील तर माझं मत माइन्त्सला. बॅगा विमानतळावरच ठेवायच्या, तिथूनच एस-८ लोकल पकडायची, अर्ध्या तासात माइन्त्स. परतताना फ्रँकफर्ट शहरात शिरायचंच नाही, हा मोठा फायदा. टेकडीवरच्या सेंट श्टेफान चर्चमध्ये चित्रकार मार्क शागालने केलेल्या खिडक्यांच्या निळ्या काचा आहेत. ऊन असेल तेव्हा तो निळा प्रकाश भिंतींवर, बाकांवर, आपल्या हातांवर पडतो. शागाल ज्यू होता, नाझींच्या भीतीने त्याला युरोप सोडावा लागला होता. तरी वयाच्या नव्वदीत त्याने जर्मनीतल्या चर्चसाठी हे काम केलं. पहिली खिडकी १९७८ ची. एवढ्या एका गोष्टीसाठीही माइन्त्सला जावं, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी सकाळी या चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून दुपारी जा; दुकानं मात्र दिवसभर बंद. शनिवार असेल तर कॅथीड्रलजवळचा बाजार दुपारपर्यंतच भरतो, तेव्हा आधी बाजार, मग चर्च आणि वेळ उरला तर ऱ्हाइनचा काठ.