शिक्का खरा, शीड मात्र कापलेलं

शिडाच्या बोटींच्या हँडिकॅप शर्यतींसाठी (बोटीच्या रेटिंगनुसार वेळ कमी-जास्त धरतात त्या) जुनं, आधी कुणी वापरलेलं कोड झीरो (सपाट, हलकं पुढचं शीड) किंवा मंद वाऱ्याचा स्पिनाकर (फुगणारं मोठं पुढचं शीड) घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्हाला ही दोन्ही शिडं एकाच माणसाने एकाच व्यवहारात विकली आणि दोन्हींत गंडवलं. त्याने दाखवलेला एकही कागद खोटा नव्हता, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

आमची बोट अंगाने जड. वारा पाच-सहा नॉटवर आला की जेनोआवर, म्हणजे नेहमीच्या पुढच्या शिडावर, ती हलायला तयार नसते. मोठा गोल स्पिनाकर अशा वाऱ्यात नुसता लोंबतो. शीड भरलेलं ठेवायचं तर थोडं वर चढून, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे वळून, वेग घ्यावा लागतो. वेग आला की बोटीवर जाणवणारा वारा पुढे सरकतो, आणि मग गरज पडते ती सपाट, हलक्या शिडाची. विक्रेत्याला हे सगळं आमच्याहून चांगलं माहीत होतं. माणूस बोलायला गोड आणि विषयातला जाणकार. त्याने जोडी सुचवली: वाऱ्याशी कमी कोन असेल तेव्हा कोड झीरो, आणि थोडं खाली उतरायचं, म्हणजे वाऱ्यापासून दूर वळायचं, तेव्हा अर्ध्या औंसाच्या नायलॉनचा असममित स्पिनाकर. सल्ला अगदी बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पुढचं वाक्य ऐकून आम्ही विरघळलो. “दोन्ही स्पिनाकर म्हणून मोजलेली आहेत, रेटिंगला फुकट.” यात अर्धं सत्य असतं. आयआरसी या रेटिंग पद्धतीत सर्वांत मोठ्या स्पिनाकरचं क्षेत्रफळ धरलं जातं, त्यामुळे त्याहून लहान शीड सोबत नेलं म्हणून आकडा वाढत नाही. फक्त बोटीवर तीनपेक्षा जास्त स्पिनाकर न्यायचे असतील तर रेटिंग वाढतं. पण हे सगळं कधी लागू? ते शीड मुळात स्पिनाकर ठरलं तर. शिडाच्या मध्यावरची रुंदी फूटच्या, म्हणजे खालच्या कडेच्या, लांबीच्या किमान 75 टक्के हवी. त्याखाली गेलं की ते हेडसेल, म्हणजे जेनोआच्या वर्गातलं शीड.

कोड झीरोचा जन्मच या अटीतून झाला. 1997-98च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत पॉल केयार्डच्या ‘ईएफ लँग्वेज’ने नियमात स्पिनाकर म्हणून बसणारं, पण वागायला मोठ्या जेनोआसारखं शीड वापरलं आणि ती शर्यत जिंकली. मात्र नियमाची रुंदी भरून काढायला शिडाच्या मध्यावर जे जादा कापड ठेवावं लागतं, ते कमी कोनात लीचवर, म्हणजे मागच्या कडेवर, फडफडत राहतं. शर्यतवाले ही फडफड सोसतात. ज्याला नुसतं फिरायचं आहे तो सेलमेकरकडे जाऊन लीच आत घेऊन कापून टाकतो. त्यात गैर काहीच नाही. शीड उलट सुधारतं. फक्त ते स्पिनाकर उरत नाही.

आमच्या शिडाचं नेमकं हेच झालं होतं. टॅकवर, म्हणजे पुढच्या खालच्या कोपऱ्यावर, मेजररची (अधिकृत मोजणी करणाऱ्याची) सही, तारीख, शिक्का, सगळं अस्सल. सोबतच्या मोजणीच्या कागदावर फूट 8.40 मीटर, मधली रुंदी 6.38. म्हणजे जवळपास 76 टक्के. मोजणी झाली त्या दिवशी ते खरंही होतं. लीच नंतर कापली, आणि शिक्का टॅकला असल्यामुळे जसाच्या तसा राहिला.

पकडलं ते प्रतिस्पर्धी बोटीने. कमी कोनाच्या टप्प्यात आमची लीच जराही फडफडत नव्हती आणि त्यांच्या कप्तानाला ते खटकलं. (आम्ही मात्र त्या गुळगुळीत लीचचं कौतुक करत होतो.) प्रोटेस्ट (नियमभंगाची तक्रार) झाला, शीड जमिनीवर पसरलं गेलं. मेजररने हेड (वरचं टोक) टॅकवर दुमडून लफचा (पुढच्या कडेचा) मध्य काढला, तसाच हेड क्लूवर (मागच्या खालच्या कोपऱ्यावर) आणून लीचचा, आणि दोन मध्यांत टेप ताणला. 5.94 मीटर. हवी होती किमान 6.30. जवळपास 71 टक्के भरलेलं ते शीड हेडसेल ठरलं, तेही आमच्या रेटिंग प्रमाणपत्रावरच्या जेनोआहून कितीतरी मोठं. त्या शर्यतीतून आम्ही बाद झालो. हेच शीड जादा मोठं हेडसेल म्हणून दाखवून पुढे वापरायचं, तर रेटिंग वाढून मैलामागे साधारण नऊ सेकंदांचा भुर्दंड. बारा सागरी मैलांच्या शर्यतीत हे साधारण 108 सेकंद होतात, आणि मंद वाऱ्यात त्या शिडाने तेवढी कमाई करून द्यावी याची खात्री कोण देणार? आयआरसी आणि ओआरसी या दुसऱ्या रेटिंग पद्धतीने अलीकडे अशा मधल्या शिडांसाठी वेगळी वर्गवारी केली आहे, पण तिथेही शीड नव्याने मोजून प्रमाणपत्रावर चढवावं लागतं; फुकट काही नसतं.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, नायलॉन ताणतं-आकसतं. 44 सेंटिमीटर? मग म्हणाला, “कागद खरा आहे ना? मग मी काय खोटं बोललो?” मग फोन उचलणंच बंद. त्यालाही माहीत नसेल असं आम्ही काही काळ धरून चाललो होतो. पण आमच्याआधी एका गिऱ्हाइकाने टेप लावून हेच शीड परत केल्याचं पुढे त्या गिऱ्हाइकाकडूनच कळलं. तिथे शंका संपली.

दुसऱ्या शिडाची गोष्ट थोडक्यात. अर्ध्या औंसाचं नायलॉन म्हणजे कागदासारखं पातळ. त्यावरचा लेप झिजला की कापडातून हवा आरपार जाते, आणि मंद वाऱ्यात असं शीड भरतच नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे कापड ओठांना घट्ट लावून फुंकणं. विक्रेत्याने ती आपणहून करून दाखवली, आम्हालाही करायला लावली. हवा अजिबात गेली नाही. जाणार कशी? त्याने पिशवीतून क्लूचा कोपरा तेवढा बाहेर काढला होता, जिथे मजबुतीसाठी कापडाचे थरावर थर शिवलेले असतात. शिडाच्या मध्यावर फुंकलं तेव्हा पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला.

व्यवहाराच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ हे तीन शब्द होते, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत.

आता शीड बघायला जाताना आम्ही लांब टेप नेतो आणि पूर्ण शीड पसरायला जागा मागतो. जागा नाही म्हणाला तर परत फिरतो. लीचची पट्टी लफच्या पट्टीपेक्षा नवी दिसते का, दोरा वेगळा आहे का, पट्ट्यांचे जोड कडेशी मध्येच तुटल्यासारखे संपतात का, हे बघतो. क्षेत्रफळही स्वतः काढतो: लफ आणि लीचच्या लांबीची सरासरी, गुणिले (फूट अधिक चौपट मधली रुंदी) या बेरजेचा पाचवा भाग, गुणिले 0.83. फुंकायचं ते शिडाच्या मध्यावर आणि हेडच्या खाली, कोपऱ्यात नाही.

आणि कागदावर एवढं लिहून घेतो: ‘विक्रीच्या दिवशी मधली रुंदी फूटच्या 75 टक्के किंवा जास्त आहे, मेजररच्या नव्या मोजणीत कमी भरल्यास पूर्ण रक्कम परत.’