हिमरू टॉपचा पाच तारांचा हेडलेस बेस: वाजवायला कसा, जपायला कसा

छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या कार्यशाळेत ऑर्डरीवर बनलेली ही बेस गिटार, म्हणजे हा बेस, पाहिला की लोक आधी दोनच गोष्टी विचारतात: याचं डोकं कुठं गेलं, आणि वरचं कापड खरं आहे का? डोकं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचा (ट्यूनरचा) वरचा भाग, मुद्दामच ठेवलेलं नाही. कापड मात्र खरं आहे. हातमागावरचं हिमरू, उभे धागे सुती, आडवे रेशमी, आणि त्यावर पारदर्शक इपॉक्सी रेझिनचा थर.

दोन्ही कल्पना तशा जुन्या. फेंडर या गिटार कंपनीने १९६८ मध्ये टेलिकास्टर बेसवर पेस्ली (कोयरी) छापाचा वॉलपेपर चिकटवून तो विकला होता. त्यातल्या बऱ्याच वाद्यांचा वरचा थर पुढे तडकला, तरी संग्राहक आज त्यांच्यामागे धावतात. हेडलेस बेस नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या सुमारास बाजारात आणला. इथं नवं आहे ते सागवान, हिमरू आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर घडलेलं हार्डवेअर. वाजवायला हा बेस फार चांगला आहे, जपायला कटकटीचा. ती कटकट लाकडाची नाही, कापडाची आणि ट्यूनरची आहे.

बॉडी सागवानाची, आतून पोकळ्या कोरलेली. नेक (दांडा) मॅपल आणि शिसमाच्या पाच पट्ट्यांचा, बोटं दाबायची फळी म्हणजे फ्रेटबोर्ड शिसमाचा, त्यावर २४ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी ३४ इंच, वजन ३.९ किलो. किंमत एक लाख १८ हजार, बॅग वेगळी. सागवान तेलकट असतं, त्यामुळे सरस लावायच्या आधी जोडाची जागा अॅसिटोनने पुसावी लागते आणि पुसल्यावर लगेच जोडावी लागते. हे टाळलं की दोन-तीन वर्षांत जोड बोलायला लागतो. या बेसवर नखाने चाचपलं तरी जोडाची रेघ लागत नाही, म्हणजे ते काम नीट झालंय.

आता टॉप, म्हणजे बॉडीचा कापड लावलेला दर्शनी भाग. कापड रेझिनमध्ये भिजलं की गडद होतं आणि जवळपास आरपार दिसायला लागतं. खाली उघडं सागवान असेल तर मोतिया रंगाचं हिमरू मळकं तपकिरी दिसतं. म्हणून आधी लाकडावर पांढरा प्रायमर मारलाय, त्यावर रेझिनचा पातळ हात, मग कापड, मग प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हवा काढत नेलीय. क्रम बरोबर आहे. तरी ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाच्या) मागे, तिरक्या उजेडात धरलं की, मोहरीएवढे चार-पाच बुडबुडे दिसतात. त्याचं कारण इथल्या हवेतच आहे. रेझिन सकाळी ओतलं आणि दुपारी खोली तापली की लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि घट्ट होत चाललेल्या रेझिनमध्ये अडकते. ओतणं दिवस कलताना करायचं, म्हणजे लाकूड थंड होत हवा आत ओढून घेतं. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. ४० अंशांत घाई होणारच. ऑर्डर देणार असाल तर टॉपचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत करून मागा.

दुसरी अडचण आकाराची. विणलेलं कापड दोन दिशांना एकदम वळत नाही, चुणी पडते. म्हणून हात टेकायचा उतार फार उथळ ठेवलाय आणि कडेला दोन मिलिमीटरची शिसमाची पट्टी बसवून कापडाची कापलेली कड झाकलीय. दिसायला देखणं, पण दोन तास उभं राहून वाजवलं की कोपरापाशी कड टोचते. खालच्या खाचेजवळ वेलबुट्टीची ओळ मधल्या रेषेपासून चार मिलिमीटर सरकलीय. स्टेजवरून कुणाला दिसणार नाही, संग्राहकाला पहिल्या दिवशी दिसेल.

सगळ्यात महत्त्वाचं उन्हाचं. खोलीच्या तापमानाला सुकलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर असतो, तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंश सहज ओलांडले जातात. बेस बॅगेत घालून मागच्या सीटवर ठेवला तर बॅगेच्या अस्तराचा ठसा टॉपवर उमटतो आणि तो पुसून जात नाही. १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम ओळीने असतात आणि वाद्यं भर दुपारी टेम्पोतून फिरतात. तिथं हा बेस नेणार असाल तर माणसांसोबत न्या, सामानासोबत नको. ऊन लागून इपॉक्सी पिवळंही पडतं. त्यावर गाड्यांना मारतात तो टू-के पीयू क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर) मारलेला हवा. इथं मारलाय, पण ऑर्डर देताना विचारून घ्या, कारण तो वेगळा खर्च आहे.

पैठणी लावून द्या म्हणणारे असतातच. तिची जरीची तार अस्सल धातूची असेल तर पिकअपच्या (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या) आजूबाजूला अर्थला न जोडलेला धातू येतो आणि हम, म्हणजे गुणगुण, वाढायची शक्यता राहते. हिमरूच बरं.

ट्यूनर ब्रिजमध्येच आहेत. तारेचा बॉल (टोकाची धातूची गोळी) तिथल्या सरकत्या जबड्यात अडकतो, दुसरं टोक नेकच्या वरच्या क्लॅम्पमध्ये स्क्रूने आवळायचं. साध्या लाँग स्केल तारा चालतात, दोन्हीकडे बॉलवाल्या शोधत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. तार कापायच्या आधी क्लॅम्पच्या पुढे काटकोनात वाकवा, मगच कापा. नाहीतर गाभ्यावरचं वेटोळं सैल होतं आणि नवी कोरी तार मेल्यासारखी वाजते. खोट जबड्यात आहे: अॅल्युमिनियमचा जबडा, त्यात स्टेनलेसचा एम-५ स्क्रू. या जोडीत आटे एकमेकांना घासून जाम होतात. ज्या तारेचा ताण जास्त, तिचा नॉब आधी अडखळतो. जोर लावू नका. तार सैल करा, स्क्रू बाहेर काढून लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. कायमचा उपाय पितळी जबड्याचा आहे. कार्यशाळेने तो सुरुवातीलाच द्यायला हवा होता, या किमतीत एवढी अपेक्षा गैर नाही.

आवाज मात्र दाद द्यावी असा. ०.१३० इंच जाडीची बी तार, म्हणजे ३१ हर्ट्झच्या जवळचा स्वर, ३४ इंची स्केलवर बऱ्याचदा चिखल होतो. इथं नेक ताठ असल्याने पाचव्या फ्रेटपर्यंत स्वर स्वच्छ उभा राहतो. बॉडी लहान असूनही खांद्याच्या पट्ट्यावर लटकवल्यावर नेक खाली झुकत नाही, कारण टोकाला ट्यूनरचं ओझंच नाही.

पिकअप दोन हमबकर (दुहेरी गुंडाळीचे), आवाज आधीच वाढवणारा प्रीअॅम्प ९ व्होल्टच्या बॅटरीचा. केबल लावून ठेवली की बॅटरी चालू राहते, तेव्हा कार्यक्रम संपला की जॅक काढा. पोकळीत कॉपर टेप आहे, पण जोडांवर सोल्डर नव्हतं. मल्टिमीटरने टेप आणि जॅकच्या अर्थमधला रोध तपासा, एक ओहमच्या आत हवा. जनरेटर आणि एलईडी लाइट एकाच लाइनवर असलेल्या मांडवात याचा फरक लगेच कळतो. तरीही गुणगुण राहिली तर डीआय बॉक्सवर (बेस आणि मिक्सरच्या मधल्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. विजेच्या प्लगमधली अर्थची तार मात्र कधीच तोडू नका.

सेट-अप साधा आहे. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट मोजा, ०.३ मिलिमीटर ठेवा. बाराव्या फ्रेटवर बी तारेची उंची २.५ आणि जी तारेची २ मिलिमीटर. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा बहुतेक नेक मागे जातात आणि पहिल्या पाच फ्रेटवर खरखर येते. ट्रस रॉड (नेकच्या आतली ताण देणारी सळई) पाव फेरा सैल करा, रात्रभर थांबा, परत मोजा. पावसाळ्यात उलट. फ्रेटची टोकं उन्हाळ्यात बोटाला लागली तर लगेच घासू नका, पाऊस पडल्यावर लाकूड फुगलं तरी लागतात का ते बघा.

मुदत सांगतात त्यावर दोन-अडीच महिने धरूनच चला. सोबत वायरिंगचा कागद, ट्रस रॉडची किल्ली आणि वापरलेल्या लाकडांची यादी मागून घ्या. पुढे बेस विकताना नवा मालक हेच विचारतो. पितळी जबड्यांची एक जास्तीची जोडीही ऑर्डरीतच लिहून घ्या. एका नगासाठी वाळूजला कुणी मशीन लावून देत नाही.