डॉज डार्टला १.०३ इंची टॉर्शन बार: आठ महिन्यांनंतर

गाडी १९७० ची डार्ट, ३४० घन इंची व्ही-८ इंजिनाची. टॉर्शन बार म्हणजे पिळला जाऊन पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा. मूळ बार ०.८७ इंचाचे, नवे १.०३ इंचाचे. जाडीत फरक जेमतेम चार मिलिमीटरचा, पण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे नवे बार जवळपास दुप्पट कडक.

ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं खूप कमी झालं, वळणावर गाडी झुकत नाही. खराब रस्त्यावर धक्का जाणवतो, पण हाडं खिळखिळी करणारा नाही. मात्र शॉक ॲब्सॉर्बर बदलायलाच हवेत. जुन्या शॉकवर पहिले दीड महिने पुढची बाजू प्रत्येक उंचवट्यानंतर दोन-तीनदा उसळायची. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना होणारा रोध) जास्त असलेले गॅस शॉक बसवल्यावर ते थांबलं. पैसे कमी असतील तर आधी शॉक घ्या, बार नंतर.

बसवताना गाडी स्टँडवर, चाकं पूर्ण लटकलेली. चाक धरणाऱ्या दोन आर्मपैकी वरच्याखालचा रबरी रिबाउंड स्टॉप (आर्मला ठरावीक मर्यादेखाली जाऊ न देणारा) काढला की आर्म आणखी खाली येतो. मग गाडीची उंची ठरवणारा ॲडजस्टिंग बोल्ट पूर्ण सैल करा, बारच्या मागच्या टोकाची सर्क्लिप (अडकवणारी स्प्रिंगची कडी) काढा आणि बार मागे ओढा. गंजून अडकला तर गंज सोडवणारं तेल आणि धीर. बारला पाइप पान्याचे दात किंवा गॅसची आच लागू देऊ नका. पृष्ठभागावर बारीक ओरखडा पडला तरी ताण तिथेच एकवटतो आणि बार तिथूनच तुटतो.

डावा-उजवा खूण पाहूनच बसवा. प्रत्येक बारला कारखान्यात एकाच दिशेला आधीच पीळ दिलेला असतो, उलट्या बाजूला लावला तर तो लवकर ढिला पडतो. दोन्ही षटकोनी टोकांना भरपूर ग्रीस, आणि धूळरोधक रबरालाही. नाहीतर षटकोनावरून सरकवताना ते फाटतं. जाड बारला तेवढ्याच वजनासाठी पीळ कमी लागतो, म्हणून चाक लटकताना बोल्ट जवळजवळ सैल वाटेल. तो हाताने फिरला तर मात्र बार काढून पुन्हा बसवा.

लोअर (खालच्या) आर्मच्या पिव्हटचा, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या दांड्याचा नट गाडी चाकांवर उभी असताना, ठरलेल्या उंचीवरच १४५ फूट-पाउंडला आवळा. हवेत लटकत्या गाडीवर आवळला तर पिव्हटभोवतीचा रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि फाटतो. सर्वांत जास्त चूक इथेच होते.

उंची बदलली की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आलंच. रेडियल टायरवर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) +३ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) −०.५ अंश, टो-इन (चाकं पुढून आत वळलेली असणं) १/१६ इंच चांगलं चालतं. एवढा कॅस्टर मिळवायला वरच्या आर्मला ऑफसेट (भोक मध्यापासून सरकवलेले) बुश लागतात.

लोअर आर्मच्या खालच्या बाजूला प्लेट वेल्ड करून घ्या. मूळ आर्म पत्र्याचा, उघडा, आणि नव्या बारच्या ताणाखाली वाकतो. के-फ्रेममधल्या (इंजिन आणि लोअर आर्म धरणाऱ्या पुढच्या आडव्या चौकटीतल्या) पिव्हटच्या नळीचा वेल्डही तपासा. तिथे केसाएवढी चीर दिसली तर ती दुरुस्त होईपर्यंत बार बसवू नका.