दिवाळी ते गणपती: पोर्टेबल सॉमिलवर डिबार्कर वापरल्याचा अनुभव

ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते. चौकोनी खवले आणि खवल्यांच्या मध्ये बोटाचं पेर बुडेल अशा भेगा. असा ओंडका डोंगरउतारावरून ओढत खाली आणला की त्या भेगांत जांभ्याची तांबडी माती, खर, कधी अख्खे खडे घट्ट बसतात. वरून पाणी मारलं तरी आतलं निघत नाही. आमच्या करवतीचं पातं हे सगळं खात लाकडात शिरायचं आणि चौथ्या-पाचव्या फळीला बोथट व्हायचं. डिबार्कर, म्हणजे पात्याच्या वाटेवरची साल आधीच काढणारं जोडयंत्र, घेतला तो यासाठी. गेल्या दिवाळीनंतर बसवला, आता गणपती होऊन गेले. म्हणजे एक कोरडा हंगाम आणि जवळजवळ पूर्ण पावसाळा त्याच्याबरोबर काढला आहे.

आधी आमच्या कामाबद्दल. कुडाळ तालुक्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनची परवान्याची आरागिरणी आहे. जुना उभा बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या पात्याची करवत, होता, त्याच्या जोडीला चार वर्षांपूर्वी आडव्या पात्याचं पोर्टेबल यंत्र घेतलं. त्यात ओंडका जागेवर पडून राहतो आणि पात्यासकट डोकं रुळांवरून पुढे सरकतं. विजेचा दाब आमच्याकडे भरवशाचा नाही, म्हणून डिझेल इंजिनाचं घेतलं. पातं ३२ मिलिमीटर रुंद, जाडी एक मिलिमीटरच्या किंचित वर, दोन दातांतलं अंतर २२ मिलिमीटर. नवरा लाकूड आणण्याचं आणि गिऱ्हाइकांचं बघतो, यंत्रावर मी असते. पात्यांची वहीही माझ्याकडे. प्रत्येक पात्याला नंबर आहे आणि एका धारेवर त्याने किती घनफूट चिरलं हे मी पातं उतरवताना लिहिते. ही वही नसती तर हा अनुभव लिहायला बसलेच नसते, कारण नुसत्या आठवणीवर नवी वस्तू नेहमी चांगलीच वाटते.

डिबार्कर म्हणजे काय, तर डोक्याला पुढच्या अंगाला जोडलेला एक हात आणि त्याच्या टोकाला गरगर फिरणारं छोटं कातणारं चाक, दातांना कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ लावलेलं. पातं जिथून लाकडात शिरणार त्याच्या थोडं पुढे राहून ते सालीत बोटभर रुंदीचा चर पाडत जातं. पातं मागून येतं ते त्या स्वच्छ चरातून. नाव ऐकून लोकांना वाटतं की हे यंत्र अख्खा ओंडका सोलून देतं. तसं नाही. साल जागच्या जागी राहते, फक्त पात्याच्या वाटेवरची निघते.

तेही एकाच बाजूने. यावर आमच्या घरात बराच वाद झाला. दोन्ही बाजूंना साल आहे, मग एकाच बाजूला चर पाडून काय उपयोग, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मला हे पटायला यंत्र बंद करून ओंडक्याजवळ उभं राहावं लागलं. पातं ज्या बाजूने आत शिरतं त्या बाजूची माती दातांबरोबर लाकडाच्या पूर्ण रुंदीतून ओढली जाते. दोन फुटांचा ओंडका असेल तर दोन फूट ती दातांना घासत राहते. बाहेर पडायच्या बाजूची माती मात्र भुशाबरोबर लगेच बाहेर फेकली जाते. घात करते ती आत शिरायची बाजू. हे कळल्यापासून ओंडका चढवतानाच त्याची जास्त मळलेली बाजू, म्हणजे ओढताना जमिनीला लागलेली बाजू, आम्ही डिबार्करकडे येईल अशी ठेवतो. एवढ्या साध्या सवयीनेही फरक पडतो.

पहिले दोन महिने मी निराश होते. वहीतले आकडे आदल्या वर्षीपेक्षा किंचित बरे, बस. पैसे पाण्यात गेले असंच वाटायला लागलं होतं. आमचे मिस्त्रीकाका जुन्या बँडसॉवर चाळीस वर्षं काम केलेले. त्यांच्या वेळी ओंडका करवतीला लावण्याआधी दोन माणसं कुऱ्हाडीने साल तासायची. त्यांनी एक दिवस चिराई चालू असताना मध्येच हात वर केला. "वहिनी, थांबवा. लाकडात अजून खडो असा." यंत्र बंद केलं, पातं अर्ध्या ओंडक्यात तसंच ठेवलं आणि दोघांनी वाकून पाहिलं. चर पडला होता, पण पातं त्याच्या अगदी खालच्या काठाला घासून चाललं होतं. अर्धे दात स्वच्छ जागेतून, अर्धे सालीतून. बसवायला आलेल्या माणसाने तो पट्टीने मोजून बसवला होता, प्रत्यक्ष लाकूड लावून पाहिलं नव्हतं. हाताच्या बुडाशी दोन वॉशर घालून चाक तेवढं खाली घेतलं आणि पातं चराच्या बरोबर मधून जायला लागलं.

नवीन डिबार्कर बसवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे. पहिल्याच दिवशी ओंडक्यात मध्येच यंत्र थांबवा, वाका आणि पातं चराच्या मध्यावर आहे का ते डोळ्यांनी बघा. पातं बदललं, चाकांचे पट्टे बदलले, ताण वेगळा लागला की पुन्हा बघा. आमचे दोन महिने हे न बघितल्यामुळे गेले.

त्यानंतरचे आकडे वहीतूनच देते. ओढून आणलेल्या ऐनावर आदल्या वर्षी एका धारेवर २५ ते ३० घनफूट निघायचे. वॉशर घातल्यानंतर ४५ ते ५० निघायला लागले. किंजळाचं प्रमाण साधारण तसंच. रायवळ आंब्याला तर याहून जास्त फायदा झाला, कारण आंब्याचे ओंडके जाड, वाडीतल्या मातीत महिनोन्महिने पडलेले आणि लाकूड मऊ असल्यामुळे पात्याला त्रास होतो तो बहुतेक मातीचाच. फणसाला बरा फायदा, पण तिथे चिकाचा प्रश्न वेगळा आहे. तो पात्यावर चढून बसतो आणि त्याला डिबार्कर काही करू शकत नाही. पात्यावर साबणाच्या पाण्याची धार सोडावीच लागते.

सागावर मात्र फरक जवळजवळ नाही. आमच्याकडे बरंच साग येतं, त्यामुळे आधी याचं आश्चर्य वाटलं. पण सागाची साल पातळ असते, तिच्यात माती फारशी अडकत नाही, आणि पात्याची धार जाते ती लाकडाच्या आत असलेल्या वाळूसारख्या कठीण सिलिकाने. ती काही सालीबरोबर खरवडून निघणार नाही. ज्यांची गिरणी मुख्यत: सागावर चालते आणि ज्यांचं लाकूड ट्रकमधून उचलून येतं, ओढलं जात नाही, त्यांनी हा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा. नारळाला तर तो लावतच नाही. नारळाला झाडाची असते तशी साल नसतेच, बाहेरचा थरच सगळ्यांत कठीण असतो, आणि तिथे चाकाचे दात उगाच झिजतात.

घनफुटापेक्षाही मोठा फायदा मला वहीत लिहिता न येणारा वाटतो. पातं अर्धवट बोथट झालं की ते लगेच कापायचं थांबत नाही, ते भरकटायला लागतं. गाठ आली की वर चढतं किंवा खाली बुडतं आणि फळीला लाट येते. एका टोकाला दीड इंच आणि मधे सव्वा, अशी फळी सुतार परत पाठवतो, आणि का परत पाठवू नये? गेल्या वर्षी पावसाळ्यात अशा किती फळ्या आम्ही पुन्हा चिरून रिपा केल्या याचा हिशेब ठेवायचं धाडस मी केलं नाही. या पावसाळ्यात सुताराने लाकूड परत पाठवलं ते फक्त एकदा, आणि तेव्हाही चूक माझी होती. संध्याकाळ झाली म्हणून पातं बदलायचं टाळलं होतं.

वापरताना हळूहळू कळलेल्या काही गोष्टी. पहिला काप, म्हणजे ओंडक्याच्या अगदी वरचा पाट काढताना, साल चाकाला उतरती लागते. चर एका अंगाला खोल आणि दुसऱ्या अंगाला नुसता ओरखडा, असा पडतो. तिथे डोकं सावकाश सरकवलं तरच चर नीट पडतो. ओंडक्याच्या चारही बाजू निघून चौकट झाली की शिरायच्या बाजूला साल उरतच नाही. मग चाक बाहेर ओढून मोटर बंद करायची. आमचा पोरगा सुरुवातीला ते विसरायचा आणि स्वच्छ लाकडात चर पडून कडेची फळी वाया जायची. ओंडका न चौकटता सरळ वरून खाली फळ्या काढत गेलं, तर मात्र प्रत्येक कापाला साल येते आणि डिबार्कर खरा राबतो तो तिथे.

हल्ली कडेची नैसर्गिक साल ठेवलेल्या जाड फळ्यांना मागणी आहे. गोव्यातून हॉटेलवाले टेबलांसाठी आंबा आणि फणस अशा फळ्यांत मागतात. त्या कामाला डिबार्कर चालत नाही. ज्या कडेचे ते पैसे देतात, तिच्यावरच चर पडतो. तिथे दाबाच्या पाण्याने धुणं, लोखंडी ब्रशने भेगा साफ करणं, आणि तरीही पातं लवकर उतरवावं लागणार हे धरून दर सांगणं, हाच मार्ग आहे.

त्रास दिला तो कुंभ्याच्या झाडाने. कुंभ्याच्या सालीचे धागे इतके चिवट की पूर्वी त्यांची दोरी वळायचे. ओली साल चाकाभोवती गुंडाळली जाते, आतल्या बेअरिंगपर्यंत जाते आणि मोटर घुसमटते. एकदा वास आला म्हणून बंद केलं तर चाक हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. आता कुंभा आला की त्याच्यावर डिबार्कर लावत नाही, कोयत्याने साल ओढून काढतो. ती तशीही लांब पट्ट्यांत छान निघते.

दुसरा त्रास खिळ्यांचा. वाडीतल्या आंब्याला कुणी कधी कुंपणाची तार मारली असेल, कुणी कंदील टांगायला खिळा ठोकला असेल, सांगता येत नाही. मार्चमध्ये एका आंब्यात तार लागली आणि चाकाचे दोन कार्बाइड दात उडाले. त्यातला एक कण शेडच्या पत्र्याला भोक पाडून गेला. तेव्हापासून दोन नियम केले. धातू शोधायचं हातातलं यंत्र फिरवल्याशिवाय वाडीचा ओंडका चढवायचा नाही, आणि डिबार्करच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. डोळ्यांवर गॉगल सगळ्यांना, बघायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा. चाक मातीबरोबर खडेही उडवतं, आणि ते कुठे जातील याचा नेम नसतो.

माझ्या यंत्रावर डिबार्करची मोटर बॅटरीवर चालते. इंजिन चालू असताना बॅटरी भरत राहते, पण दिवसभर ऐन चिरला की संध्याकाळी ती थकलेली असते. पावसाळ्यात दोनदा सकाळी इंजिन फिरलं नाही. मोठ्या क्षमतेची बॅटरी बसवल्यावर ते थांबलं. हा खर्च आधी कुणी सांगितला नव्हता. हात ज्या खिळीवर फिरतो तिथे ओला भुसा आणि लाल चिखल साचून तो जाम होतो. मग चाक ओंडक्याचा आकार धरून आत-बाहेर होत नाही, फुगीर बुंध्यावर आदळतं आणि बारीक टोकाला साल सोडून हवेत फिरतं. रोज सकाळी हवा मारून ग्रीस घालायचं काम पोराकडे आहे. जून ते सप्टेंबर हे काम एक दिवस चुकलं तरी कळतं.

मिस्त्रीकाकांचं मत बदललं का, असं विचाराल तर पूर्णपणे नाही. त्यांना अजूनही वाटतं की लाकूड आधी धुवावं, भेगा खरवडाव्यात आणि मग यंत्राकडे न्यावं. मला ते पटतं. डिबार्कर आला म्हणून आम्ही पाणी मारणं बंद केलं होतं, जुलैत पुन्हा सुरू केलं, आणि वहीत ऐनाचे ५० पेक्षा जास्त घनफूट पहिल्यांदा दिसले ते त्यानंतरच. ओंडके आता ओढून आणल्यावर थेट जमिनीवर टाकत नाही, खाली दोन आडवे वासे घालतो. यातलं काहीच नवीन नाही, सासऱ्यांच्या वेळी असंच करायचे.

एक गोष्ट विषयाशी थेट जोडलेली नसली तरी सांगते, कारण यंत्राला चाकं आहेत हे पाहून लोक वाडीत येऊन लाकूड चिरून द्यायला सांगतात. पोर्टेबल असलं तरी कायद्याच्या नजरेत ती आरागिरणीच. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर आरागिरण्यांवरचे निर्बंध फार कडक झाले, आणि वनखात्याच्या परवान्याशिवाय ती चालवता येत नाही. आम्ही ते आमच्या परवान्याच्या जागेतच चालवतो आणि कुणालाही नकारच देतो. नवीन घेणाऱ्यांनी यंत्राच्या किमतीआधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन यावं.

परवा चाकाचे सगळे दात बदलले. अकरा महिन्यांत हा दुसरा संच, त्यातला पहिला तारेने खाल्ला, तेव्हा तारेशिवाय एक संच किती चालतो ते पुढच्या वर्षी कळेल. अंगणात आत्ता ऐनाचे चौदा ओंडके पडले आहेत, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाल चिखलाने माखलेले. उद्या सकाळी त्यांना पाणी मारायला सुरुवात करायची आहे.