आधी ‘वनवास’ की आधी ‘शाळा’?

भाचीला यंदा तेरावं लागलं. “मावशी, मराठीतलं काहीतरी दे, पण बाळबोध नको,” असं फर्मान निघालं. कपाटातून दोन पुस्तकं काढली आणि तिथेच अडले. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ (१९९४) आणि मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४). दोन्ही मौज प्रकाशनाची, दोन्हींत शाळकरी पोरगाच बोलतो, आणि खरं सांगायचं तर दोन्ही काही फक्त मुलांसाठी लिहिलेली नाहीत. पण त्या वयात हातात पडली तर आतपर्यंत जातात.

फरक नावांपासूनच दिसतो. ‘वनवास’मधला पोरगा म्हणजे लंपन. हे घरातलं, लाडाचं नाव, आणि पुस्तक वाचून झालं की त्याला दुसरं एखादं नाव असू शकेल हेच आपण विसरतो. ‘शाळा’त मात्र बहुतेक जण हजेरीपटावरचे: जोशी, चित्रे, शिरोडकर. जोशी जिच्यासाठी झुरतो, तिलाही तो मनातल्या मनात ‘शिरोडकर’च म्हणतो. नववीच्या वर्गात बसलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. घरी आपण कोण आणि वर्गात कोण, ही दोन वेगळी माणसं असतात ना!

लंपन आई-बाबांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. म्हणून वनवास. गाव बेळगावच्या वळणाचं, मराठीत कानडी मुरलेलं. परकं वाटणारं ते गाव हळूहळू त्याचं होत जातं आणि आईची आठवण मात्र जात नाही. दोन्ही एकाच पोरात, एकाच वेळी. हे इतक्या हळुवारपणे मराठीत फार कमी ठिकाणी आलंय. त्याची बोलायची तऱ्हाही खास आहे. ‘खूप वेळा’ म्हणून त्याचं भागत नाही, कुठला तरी अवाढव्य, अगदी नेमका आकडाच सांगेल. आणि त्याचा तो ‘मॅड’ हा शब्द! पहिली काही पानं इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जड जातात. आमच्याकडे मी एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली, मग गाडी सुटली. सुटसुटीत कथा असल्यामुळे एक वाचून पुस्तक बाजूला ठेवलं तरी काही बिघडत नाही. आवडलाच लंपन, तर पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आहेतच. २०२४मध्ये त्याच्यावर वेब मालिकाही आली, पण आधी ती दाखवू नका. लंपनचा चेहरा ज्याचा त्यानं ठरवावा.

‘शाळा’ तशी ठेवून-ठेवून वाचता येत नाही. सलग कादंबरी, नववीचं एक वर्ष, बाहेर आणीबाणी. अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारं चौघांचं टोळकं, ‘लाइन’ची भाषा, कोण कुणाकडे बघतं याचा काटेकोर हिशोब. भाषा ओळखीची, वेगही आहे, त्यामुळे मराठी वाचायचा कंटाळा असलेलं मूलसुद्धा यात अडकतं. शिव्या आहेत, चावटपणा आहे. बारा वर्षांच्या मुलाला मी ती देणार नाही, चौदाव्या-पंधराव्या वर्षी बेलाशक देईन.

एक तक्रार मात्र आहे. शिरोडकर आपल्याला दिसते ती जोशीच्या नजरेतूनच. तिच्या मनात काय चाललंय, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. पहिल्यांदा वाचताना, मी स्वतः मुलगी असूनही, हे मला खटकलं नव्हतं. आता खटकतं. मुलीला पुस्तक देणार असाल तर ‘तुला शिरोडकर कशी वाटली?’ एवढं नंतर जरूर विचारा. ‘वनवास’मधली सुमीही लंपनच्याच डोळ्यांनी दिसते, पण ती तिथे मैत्रीण म्हणून वावरते, जिंकायची वस्तू म्हणून नाही.

दहा-अकराच्या मुलासाठी दोन्ही लवकरच. तिथे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला फास्टर फेणे आहे. नव्या शाळेत जागा कशी मिळवायची, हे तोही आपल्या सायकलवरून शिकवतोच.

भाचीला मी ‘वनवास’ दिलं. आठ दिवसांनी तिचा मेसेज आला, तिच्या मराठीत: “मावशी, मी हे मॅडसारखं सतराशे एकोणीस वेळा वाचणार आहे. ‘शाळा’ कधी देतेस?”