केगमधून 'फुस्स' आवाज आला म्हणून लगेच पैसे देऊ नका

मंडळी, घरी बिअर बनवणाऱ्या आणि जुने केग (बिअर साठवायची स्टीलची पिंपं) घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय, नीट वाचा. मी न्यू जर्सीत राहतो, इथे घरी स्वतःपुरती बिअर बनवणं कायदेशीर आहे. चार वर्षं बाटल्या भरून कंटाळलो म्हणून जाहिरात बघून एकाकडून तीन सेकंडहँड कॉर्नी केग (उंच, अरुंद प्रकारचे) घेतले, पाच गॅलनचे, बॉल लॉकवाले (म्हणजे नळ्या खटकन बसतात तसल्या जोडाचे), सोबत पाच पाउंडचा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर, सगळे मिळून 320 डॉलर. प्रत्येक केगवर स्टिकर: 'नवीन ओ-रिंग (गॅस गळू नये म्हणून बसवलेली रबरी रिंग), 30 पीएसआय प्रेशरला टेस्टेड'. पार्किंगमध्ये भेटलो तेव्हा त्याने माझ्यासमोर झाकणावरच्या व्हॉल्व्हची रिंग ओढली, फुस्स करून गॅस निघाला, म्हणाला बघा, प्रेशर धरून आहे. मी तिथेच फोनवरून पैसे पाठवले.

सगळी फसवणूक त्या फुस्समध्येच होती. निघायच्या तासभर आधी गॅस भरला तरी तेवढा आवाज येतोच, हळूहळू होणारी गळती त्यात कळत नाही.

पहिल्याच केगमध्ये हेझी आयपीए (भरपूर हॉप्सची, गढूळ दिसणारी बिअर) भरली, संत्र्याच्या रसासारखा सुंदर रंग होता. नवव्या दिवशी नळ उघडला तर आधी नुसता फेस, मग थेंब थेंब, मग तेही बंद. ग्लासात जे आलं ते कोऱ्या चहासारखं तपकिरी आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा. त्याला मेसेज केला तर म्हणे तुम्ही हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) जास्त घातले, तुमची चूक. पण मी हॉप्स मलमलच्या पिशवीत घातले होते हो, सुटे नाही, त्याने नळी तुंबणार कशी!

गॅस बंद केला, प्रेशर पूर्ण सोडलं (हे केल्याशिवाय पोस्टला, म्हणजे केगवर नळ्या जोडायच्या तोटीला, पाना लावूच नका), लिक्विड पोस्ट, म्हणजे बिअर बाहेर येते ती तोटी, उघडला. आतली लांब नळी आधीच्या कुणाच्या तरी बिअरच्या कडक थराने अर्धी बुजलेली, पॉपेटमध्येही (पोस्टच्या आतल्या छोट्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये) तोच काळा चिखल. आणि त्या 'नवीन' ओ-रिंग? वरून जाड ग्रीस फासलेलं, ते पुसून रिंग बोटांत वाकवली तर भेगाच भेगा. झाकणाची रिंग गॅस सोडत होती, प्रेशर शून्यावर आलं की झाकण सैल पडतं आणि हवा आत शिरते, मग बिअर काळवंडणारच.

सिलिंडरचं तर विचारूच नका. गळ्यापाशी ब्रुअरीचे छान छान स्टिकर लावलेले, गॅस भरायला गेलो तर दुकानदाराने ते खरवडून सिलिंडरच्या प्रेशर टेस्टची तारीख दाखवली, 2011. दर पाच वर्षांनी टेस्ट लागते, त्याशिवाय भरून देत नाहीत.

त्या माणसाने मला ब्लॉक केलंय, पैसे काही परत आले नाहीत. तिन्ही केगच्या रिंग आणि पॉपेट बदलले, नळ्या क्लीनरमध्ये भिजवून ब्रशने घासल्या. आता रिकामा केग 30 पीएसआयला भरून गॅसची नळी काढून रात्रभर ठेवतो, सकाळी प्रेशर मोजायचा गेज लावून बघतो, झाकण आणि पोस्टवर साबणाचं पाणी मारतो. मग केग निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरच्या पाण्याने काठोकाठ भरून ते सीओटूने बाहेर ढकलतो, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि बिअर झाकण न उघडता नळीनेच आत घेतो.

एडिसनच्या आसपास कुणी जुना केग बघायला जाणार असेल तर मला सांगा, पाना आणि गेज घेऊन मी सोबत येईन.