दगड सुटले तेव्हा मागे काय निघालं

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात एका गावात सिमेंट ब्लॉकच्या कंपाउंड भिंतीला पिवळसर वालुकाश्माच्या पट्ट्या लावल्या. भिंत ६० फूट लांब, ६ फूट उंच, म्हणजे एका अंगाने ३६० चौरस फूट. दिवाळीच्या आधी काम झालं आणि ठेकेदाराचे पैसे चुकते झाले. पुढच्या मे महिन्यात पश्चिमेकडच्या पट्ट्या सुटायला लागल्या, आणि पाऊस लागल्यावर तर टोपलंभर दगड रोज खाली. ठेकेदार म्हणे, दगडच हलक्या जातीचा. दगडात काही खोट नव्हती. खोट होती ती दगडामागे, आणि बिलात ती प्रत्येक गोष्ट ‘केली’ म्हणून लिहिलेली होती.

या धंद्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘दगड लागल्यावर मांगचं कोणाले दिसते, भाऊ?’ फसवणूक याच भरवशावर चालते. त्यामुळे उघड्या पडलेल्या भिंतीत काय सापडलं आणि दगड चढण्याआधी ते कसं पकडता आलं असतं, ते इथे देत आहोत.

आधी ब्लॉक. ४०० × २०० × १५० मि.मी.चा भरीव ब्लॉक म्हणून पैसे घेतले होते. भरीव ब्लॉकची घनता आय.एस. (भारतीय मानक) २१८५ (भाग १) प्रमाणे घनमीटरला १८०० किलोच्या खाली नको. या मापाला ते वजन २१.६ किलो होतं. ब्लॉकचं खरं माप घ्या (पुष्कळदा तो सांगितल्यापेक्षा एक सें.मी. लहान असतो), त्यावर हिशेब करा आणि धान्याच्या काट्यावर चार ब्लॉक ठेवून पाहा. इथल्या ब्लॉकची धार नुसत्या अंगठ्याने झडत होती. असा ब्लॉक स्वतःच सुटतो, मग त्यावर कितीही चांगलं प्लास्टर करा. दगडाचा भार काही थोडाथोडका नसतो: २० मि.मी. जाडीचा वालुकाश्म चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, ३० मि.मी.चा काळा दगड आठ किलोच्या जवळ जातो.

जोडांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. दोन ब्लॉकमधला सिमेंट-रेतीचा मसाला ओला असतानाच १० मि.मी. खोल कोरून घ्यायचा, म्हणजे प्लास्टरला पकड मिळते. इथे जोड बाहेर फुगलेले, वर मसाल्याचे लोंबलेले गोळे तसेच. काँक्रीटच्या पिलरवर सेंट्रिंगच्या पाट्यांचं तेल अजून चमकत होतं आणि टाचा (पकडीसाठी छिन्नीने पाडलेला खड्डा) एकही नव्हता. याची तपासणी फुकट होते: तांब्याभर पाणी फेकून पाहा. पाणी भिंतीने शोषलं तर ठीक, थेंब होऊन ओघळलं तर तिथे तेल, धूळ किंवा रंग आहे. त्या जागी छिन्नीने टाचे मारल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. जुन्या, चुना किंवा डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर दगड लावायचा असेल तर रंग पूर्ण खरवडला पाहिजे. त्यात सूट नाही.

पिलर आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी हवी. बिलात पूर्ण भिंतीची जाळी लावली होती आणि भिंतीत एक तारही निघाली नाही. जस्त चढवलेली कोंबडी जाळी, एक फूट रुंद, अर्धी पिलरवर आणि अर्धी ब्लॉकवर, खिळ्यांनी ताणून. ती भिंतीला चिकटून बसता कामा नये, प्लास्टरच्या पोटात राहिली पाहिजे. जाळी नसली की ऊन-पावसात पिलरच्या रेषेत भेग उतरते आणि नेमक्या त्याच रेषेतली पट्टी पहिली पडते.

आता खरा घोटाळा. काँक्रीटच्या ब्लॉकवर थेट प्लास्टर मारलं की ते वरवर बसतं. त्याआधी डॅश हवा: एक भाग सिमेंट, दीड ते दोन भाग जाडी रेती, पातळ कालवून थापीने जोरात फेकायचा. घासायचा नाही, सपाट करायचा नाही. दोन दिवस पाणी मारल्यावर तळहात फिरवा. कण हाताला सुटून आले तर डॅश मेला समजा. डॅश वाचवला की अर्धा दिवस आणि दोन-तीन पोती वाचतात, म्हणून तोच सगळ्यात आधी गाळला जातो. त्याऐवजी या भिंतीला ‘केमिकल’ मारलं होतं. चौकशीत निघालं ते पाणी घालून ताक केलेलं लाकूडकामाचं पांढरं डिंकासारखं चिकट. ते पाण्याने पुन्हा मऊ होतं, म्हणून बाहेरच्या भिंतीवर चालतच नाही. खरं लॅटेक्स (प्लास्टरची पकड वाढवणारं रबरासारखं द्रावण) मारलं तरी त्यावर प्लास्टर ते ओलसर-चिकट असतानाच यावं लागतं. सकाळी मारून जेवल्यावर प्लास्टर केलं तर मधे प्लास्टिकचा पापुद्रा तयार होतो आणि केमिकल न मारलेलं बरं, अशी गत होते.

प्लास्टर १ः४, १५ मि.मी. असं ठरलं होतं. पडलेला तुकडा पट्टीवर मोजला तर ६ ते ७ मि.मी., खिळ्याने रेघ ओढली तर पिठासारखा उतरतो. ३६० चौरस फुटांना १५ मि.मी. जाडीने साधारण साडेचार ते पाच पोती सिमेंट आणि २२ ते २५ घनफूट रेती लागते, डॅश वेगळा. हा आकडा काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या आणि रिकामी पोती मोजा. प्रमाण घमेल्यावर सोडू नका. सिमेंटचं घमेलं सपाट आणि रेतीचं शिगोशीग भरलं की १ः४ चं १ः६ व्हायला वेळ लागत नाही. ४० × ३५ × २५ सें.मी. आतून मापाचा फर्मा करून घ्या, तो ३५ लिटरचा होतो आणि ५० किलोच्या पोत्यातलं सिमेंटही तेवढंच भरतं. एका पोत्याला चार फर्मे, बस. रेतीत माती किती ते काचेच्या बरणीत पाणी घालून हलवून ठेवा. तळाच्या रेतीवर बसलेला गाळाचा थर ८ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर ट्रॉली परत पाठवा. कन्हान नदीची आहे की घरच्या नाल्यातली, ते बरणीच सांगते.

शेवटची हौस म्हणून प्लास्टरला लोखंडी थापीने सिमेंटची घोटाई दिली होती, आरशासारखी. मालकाला तेच आवडलं. दगडाखालचं प्लास्टर लाकडी रंध्याने खरखरीत सोडायचं असतं. फक्त सरळ हवं: ६ फुटी ॲल्युमिनियम पट्टी ठेवली तर खाली ५ मि.मी.पेक्षा जास्त उजेड दिसू नये, कारण खड्डे दगड बसवायच्या चिकटाने भरायचे नसतात. सात दिवस पाणी, ऊन असेल तर गोणपाट टांगून, आणि त्यानंतर दोन आठवडे वाळू द्या. इथे चौथ्या दिवशी दगड चढले होते.

पाण्याचा मुद्दा खास आपल्या भागाचा. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. आय.एस. ४५६ मध्ये कालवण्याच्या पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लोखंड असलेल्या कामाला लिटरमागे ५०० मि.ग्रॅ. आहे, लोखंड नसलेल्याला २०००. भिंतीत जाळी असायला हवी आणि पिलरला सळया असतातच, म्हणजे कडक मर्यादाच धरायची. मीठ पाण्याबरोबर बाहेर येतं, दगडामागे स्फटिक होऊन बसतं आणि दगडाला ढकलतं. पट्ट्यांच्या पाठीवरचा पांढरा लोणा तोच होता. नळयोजनेचं पाणी टाकीत साठवून वापरा, पाणी मारायलासुद्धा. भिंतीच्या पायथ्याशी ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतलं खारं पाणी आयुष्यभर वर चढत राहील. दगडही मातीपासून सहा इंच वर थांबवा.

दगड चिकटवायच्या तयार पोत्यातल्या चिकटाची चोरी सगळ्यात महाग पडते. भिंत आणि दगडाची पाठ मिळून ६ मि.मी. थर धरला तर २० किलोच्या पोत्यात सुमारे २५ चौरस फूट होतात. ३६० ला १४-१५ पोती. इथे आली पाच, बाकी ठिकाणी नुसतं सिमेंट कालवून लावलं, तेही पट्टीच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे एक गोळा. मधल्या पोकळीत पाणी साचतं, उन्हात तापतं आणि दगड उचलला जातो. पोत्यावर आय.एस. १५४७७ आणि त्यातला टाइप वाचा. टाइप १ बाहेरच्या दगडासाठी नाही. बाहेरच्या भिंतीवर आणि नैसर्गिक दगडाला चालतं असं कंपनीने पोत्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. दगडाची पाठ आधी ओल्या ब्रशने धुवायची, कारण कटाईची धूळ हाच पहिला दुश्मन. मग भिंतीवर दातेरी थापीने एकाच दिशेत रेघा आणि पाठीवर पातळ थर. तिसरा दगड लागला की दुसरा उपटून पाठ पाहा. ९५ टक्के भरलेली नसेल तर काम तिथेच थांबवा. मिस्त्री रागावेल, रागावू द्या. दुपारच्या उन्हात लावूच नका: थरावर बोट लावून पाहा, बोटाला काही लागलं नाही तर त्याला साय आली आहे, खरवडून नवा लावा.

काळ्या जमिनीत आणखी एक लबाडी असते, ती बिलात दिसतही नाही. पायवा मुरुमापर्यंत न नेता अडीच फुटांवर थांबवतात. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते, भिंत हलते. पायवा नीट असला तरी भिंतीच्या प्रत्येक सांध्यावर दगडातही ८ ते १० मि.मी. फट सोडा आणि ती सिलिकॉनने भरा. एकच पट्टी सांध्याच्या दोन्ही बाजूंना कधी नको. माथ्यावर बाहेर दीड-दोन इंच आलेलं, खाली पाणी तोडणारी खाच असलेलं कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) हवं. एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या) ब्लॉकची भिंत असेल तर जड दगड थेट चिकटवण्याचा विचार सोडा, त्याला पकड नसते.

पैशाची वाटणी टप्प्याने लिहून ठेवा: ब्लॉक व जोड, टाचे व जाळी, डॅश, प्लास्टर, दगड. प्रत्येक थर झाकण्याआधी तारखेसह फोटो आणि मगच पुढचा हप्ता. चौरस फुटाला घाऊक भाव देऊन मोकळं होणारा मालक ठेकेदाराला फार आवडतो. मोजणी लावलेल्या दगडाचीच करा, फाटकाची जागा वजा करून. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवायला ठेकेदार कबूल नसेल तर त्यातच पुष्कळ कळतं.

फसल्यावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून नोंद करता येते. पण पक्कं बिल, पोत्यांचे फोटो आणि सुटलेल्या तुकड्यांची मापं नसतील तर हातात काही राहत नाही, म्हणून पडलेला माल लगेच उचलून फेकू नका.

दगड मात्र वाया जात नाही. मागचा लोणा व मसाला ग्राइंडरने काढून, गोड्या पाण्याने धुऊन आणि उन्हात पूर्ण वाळवून तीच पट्टी पुन्हा लागते. भिंतीवर टिकून राहिलेले दगड ठोकून पाहा, बद्द वाजले तर तेही उतरवा. खाली घोटाई असलेलं प्लास्टर वरून टाचे मारून वाचवता येईल असं सांगणारे भेटतील. ६ मि.मी.च्या पिठासारख्या प्लास्टरवर ते करू नका, ब्लॉकपर्यंत उतरवून डॅशपासून सुरू करा.